पुसल्याशिवाय चित्र चालत नाही

मोबाइलवरच्या खेळात मोटार धावते, चेंडू उसळतो, राक्षस चाल करून येतो. आपण म्हणतो, चित्र हलले. खरे पाहता ते हलत नाही. ते पुसले जाते आणि किंचित सरकवून पुन्हा काढले जाते. बहुतेक खेळांत हे सेकंदाला ३० किंवा ६० वेळा घडते. डोळ्याला पुसणे दिसत नाही, नुसती चाल दिसते.

हे सारे संगणकाला पायरीपायरीने लिहून द्यावे लागते. 'पायथन' भाषेत खेळ लिहिण्यासाठी 'पायगेम' नावाचे फुकट साधन आहे. त्यात चेंडू सरकवायचा, तर आधी त्याची जागा बदलायची. जागा म्हणजे दोन आकडे : डाव्या कडेपासून किती दूर आणि वरच्या कडेपासून किती खाली. मग सगळी पार्श्वभूमी नव्याने रंगवायची, म्हणजे जुना चेंडू झाकला जातो. त्यावर नव्या जागी चेंडू काढायचा. इथवरचे काम पडद्याआड चालते. शेवटी 'फ्लिप' ही आज्ञा दिली, की तयार चित्र एकदम समोर येते. नाटकात पडदा पाडून नेपथ्य बदलतात ना, तसेच!

नवशिक्याची गाडी नेमकी इथे अडते. पार्श्वभूमी रंगवायची राहिली, तर चेंडूमागे चेंडूंची माळच उमटते. 'फ्लिप' राहिले, तर संगणकाच्या लेखी चेंडू कुठल्या कुठे गेलेला असतो. खेळणाऱ्याला मात्र तो जागचा हललेला दिसत नाही. संगणकाच्या स्मृतीतला बदल वेगळा आणि पडद्यावरचे चित्र वेगळे, एवढे उमगले की निम्मे काम झाले.

चित्र पुन्हा काढायला वेळही लागतो. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. त्यात ५५ परग्रहवासी रांगेने खाली उतरतात. तेव्हाचा संगणक मंद होता. शत्रू मरू लागले, की काढायची चित्रे कमी होत आणि उरलेल्यांचा वेग आपोआप वाढे. निशिकादोंनी तो वेग तसाच ठेवला. खेळाची सारी रंगत त्यात आली.

चित्रकथेसारख्या खेळांसाठी 'रेनपाय' हे आणखी एक फुकट साधन आहे. त्यात 'शो' म्हटले की पात्र येते, 'हाइड' म्हटले की जाते आणि 'सीन' म्हटले की आधीची चित्रे जाऊन नवे दृश्य लागते. हसरी नायिका पडद्यावर असताना तिच्याच नावाने रडवी नायिका मागवली, तर हसरी आपोआप जाते. नाव निराळे दिले, तर मात्र एकाच नायिकेचे दोन चेहरे पडद्यावर उभे राहतात.

घरातले मूल खेळात गुंग असेल, तर रागावण्याआधी एकदा विचारून पाहा, "बाळा, हा जुना चेंडू पुसतो कोण?" उत्तर शोधायला साधा संगणक आणि ही फुकटची साधने पुरतात. नुसते खेळणारे मूल तिथूनच खेळ लिहू लागेल.