वादळात लाईट गेली तर : आधी हौद भरा, मग वाट पाहा



चक्रीवादळ म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे खांब मोठ्या संख्येने आडवे झाले आणि कित्येक गावांना लाईटसाठी बरेच दिवस वाट पाहावी लागली. पाचोड समुद्रापासून लांब, तेव्हा आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण २६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं, आणि त्याचा उरलेला जोर तेलंगणातून थेट मराठवाड्यावर आला. पाठोपाठ झालेल्या अतिवृष्टीने आपल्या भागाची काय दशा केली, ती आपण पाहिली आहे.

शिवाय वळवाचा पाऊस तर दरसालचा. एप्रिल ते जून या दिवसांत अर्धा तास वारा सुटतो, लिंबाची फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते. उन्हाने तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर पावसाचे थेंब पडले की त्याला तडा जातो. म्हणून पहिल्याच सरीला लाईट गुल होते. नेमकी हीच वेळ मोसंबीच्या आंबे बहाराची. झाडावर लहान फळं असतात, ऊन कडक असतं आणि दावणीला जनावरं तहानलेली असतात.

घाई जीव घेते

तारेत बिघाड झाला की सबस्टेशनातला ब्रेकर आपोआप पडतो. मग वायरमन लाईन फिरून पाहतो, बिघाड काढतो आणि पुन्हा लाईट सुरू होते. कधी कधी बिघाड गेला का हे पाहण्यासाठी सबस्टेशनातून लाईन क्षणभर चालू करूनही पाहतात. म्हणजे दोन तासांपासून मेलेली दिसणारी तार कोणत्याही क्षणी जिवंत होऊ शकते. आणि त्याच वेळी कुणीतरी काठी घेऊन डीपीकडे निघालेला असतो. ‘फ्यूज उडाला असेल, टाकून येतो’ म्हणून गेलेला माणूस परत येत नाही, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

हे धाडस माणूस हौसेने करत नाही. गोठ्यात गाय हंबरते, बाग सुकताना दिसते, म्हणून तो उठतो. ज्याच्या हौदात चार दिवसांचं पाणी आहे, तो डीपीकडे जात नाही; तो वायरमनची वाट पाहू शकतो. म्हणून लाईट जाण्याच्या तयारीत पहिलं काम पाणी साठवण्याचं.

पाण्याचा हिशेब

समजा, घरात सहा माणसं, दोन बैल, दोन दुभत्या गाई आणि पाच शेळ्या आहेत. उन्हाळ्यात दिवसाला साधारण असं पाणी लागतं :

माणसं ६, प्रत्येकी ४० लिटर : २४० लिटर
बैल २, प्रत्येकी ५० लिटर : १०० लिटर
दुभत्या गाई २, प्रत्येकी ८० लिटर : १६० लिटर
शेळ्या ५, प्रत्येकी ६ लिटर : ३० लिटर

एकूण ५३० लिटर. चार दिवसांचे झाले २१२० लिटर. पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि तीन फूट खोल हौदात एवढं पाणी बसतं. हौद नसेल तर टाकी, पिंपं, जे असेल ते. एप्रिल लागला की हौद रिकामा ठेवू नये. रोज वापरावा आणि लाईट असेपर्यंत रोज भरावा. पिण्याचं पाणी वेगळं, झाकून ठेवावं. गावची नळयोजनाही विजेवरच चालते, तेव्हा गावचा हापसा दुरुस्त आहे ना, हे ग्रामपंचायतीला आताच विचारा.

मोसंबीच्या बागेचं काय

फळांवर आलेल्या मोठ्या झाडाला ऐन उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं. दोनशे झाडांना दिवसाला वीस हजार लिटर झाले. एवढं पाणी हौदात मावत नाही. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. झाडाच्या आळ्यात गव्हाचा भुसा, वाळलेलं गवत किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरावं. बुंध्याला मात्र चिकटू देऊ नये. आच्छादनाने ओल टिकते आणि दोन-चार दिवस निभावतात.

२. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. तळं बागेपेक्षा उंचावर असेल तर मोटारीशिवायही पाणी काढता येतं. पाईप पाण्याने पूर्ण भरून दोन्ही तोंडं दाबून धरावीत. एक तोंड तळ्यात बुडवावं, दुसरं तळ्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली नेऊन सोडावं. पाईपमध्ये हवा राहिली तर पाणी चालणार नाही.

३. वादळाबरोबर पाऊस झाला असेल तर आधी वीतभर खणून पाहावं. मातीचा गोळा होत असेल तर बागेला लगेच पाण्याची गरज नाही.

४. पाणी थोडं असेल तर पहिला मान यंदा लावलेल्या कलमांना. त्यांना बादलीनेही पाणी देता येतं. त्यानंतर फळांवरची झाडं.

५. लाईट आल्यावर ताण बसलेल्या झाडाला एकदम तुडुंब पाणी देऊ नये, फळगळ होते. पहिली पाळी हलकी द्यावी.

इंजिन, जनरेटर आणि सौरपंप

जुनं डिझेल इंजिन असेल तर विकू नका. मे महिन्यात एकदा चालवून पाहा. फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर ऐन वेळी पाणी उचलणार नाही. जनरेटर घराच्या किंवा मोटारीच्या वायरिंगला जोडायचा असेल तर चेंजओव्हर स्विच लावल्याशिवाय जोडू नये. नाहीतर तुमची वीज उलटी लाईनवर चढते आणि खांबावरच्या वायरमनचा जीव जातो.

सौरपंपाला तारेची लाईट लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मात्र पॅनेलचे नटबोल्ट वादळाआधी आवळून घ्यावेत. पॅनेल खाली पडलं तरी उजेडात त्यातून वीज निघतच असते, म्हणून त्याच्या उघड्या वायरींना हात लावू नये.

तार तुटली तर

तुटलेल्या तारेजवळ स्वतः जाऊ नये, दुसऱ्याला आणि जनावरालाही जाऊ देऊ नये. तार तारेच्या कुंपणावर पडली तर करंट सगळ्या कुंपणात उतरू शकतो. ओल्या जमिनीतूनही तो पसरतो. चुकून जवळ गेलात तर पाय जोडून, छोटी छोटी पावलं सरकवत मागे या. लांब ढांगा टाकू नका. जनावर खांबाला किंवा खांबाच्या ताणतारेला बांधू नये. लगेच गावच्या वायरमनला किंवा महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावं. कुणाला शॉक लागला तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा आणि १०८ वर गाडी बोलवावी. मोठ्या लाईनच्या तारेवर कोरड्या काठीचाही भरवसा धरू नये.

लाईट आली, आता मोटार

लाईट जाताच स्टार्टर बंद करावा. ऑटो स्विच काढूनच टाकावा. ऑटोमुळे लाईट येताक्षणी सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर भार पडतो आणि डीपी जळते. मग चार तासांची अडचण चार दिवसांची होते. लाईट आल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबावं. तिन्ही फेज आहेत का, व्होल्टेज पुरेसं आहे का, हे पाहून मगच मोटार चालू करावी. मोटारीला कॅपॅसिटर आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर जरूर बसवावा. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून मोटारी सुरू करण्याच्या पाळ्या आधीच ठरवून घ्याव्यात, त्यात सगळ्यांचंच भलं आहे.

या आठवड्यात एवढं करा

हौद धुऊन भरा. आळ्यात आच्छादन घाला. तारेला लागणाऱ्या फांद्यांची खबर वायरमनला द्या. त्या स्वतः तोडू नका. बॅटरी, सेल आणि मोबाईल तयार ठेवा. ट्रान्झिस्टरला नवे सेल घाला, म्हणजे लाईट नसली तरी हवामानाची खबर तुमच्यापर्यंत पोहोचत राहील.

लाईट आज ना उद्या येतेच. ती येईपर्यंत घरची माणसं आणि गोठ्यातली जनावरं सुखरूप राहिली पाहिजेत, आणि त्याची तयारी आकाश निरभ्र असतानाच करायची असते.