धारवाड कोणत्या खंडात?

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने छापलेली दोन जाडजूड पुस्तकं आहेत. पहिलं १९६८चं, उत्तर हिंदुस्थानी रागांचं, सहाशेहून जास्त पानांचं. दुसरं १९७६चं, कर्नाटक संगीतातल्या रागांचं. पहिल्यात राग भातखंड्यांच्या दहा थाटांखाली लावलेत, दुसऱ्यात मेळकर्त्यांच्या हिशेबाने. दोन्हींचा लेखक एकच, आणि तो ना उत्तरेचा ना दक्षिणेचा. बोहेमियातल्या कार्ल्सबाड या गरम झऱ्यांच्या गावात १ एप्रिल १९०७ रोजी जन्मलेला ज्यू संगीतकार, वॉल्टर कॉफमन.

पुस्तक लिहायचं तर देशाची अशी वाटणी करावीच लागते. पण हुबळी-धारवाडकराने कोणता खंड उचलायचा? घरात कन्नड, शेजारी मराठी, भजनात वचनं आणि दासांची पदं, आणि मैफलीला बसलं की यमन, तोडी, मालकंस. म्हैसूर दरबाराकडे निघालेले उत्तरेचे गवई वाटेत इथे मुक्काम करायचे, असं कारण जुनी मंडळी सांगतात. अब्दुल करीम खाँसाहेब इथे रमले, कुंदगोळचे रामभाऊ त्यांचे शागीर्द झाले आणि पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजले. त्यांच्यापाशी गंगूबाई हनगल शिकल्या, भीमसेन जोशी शिकले. खाँसाहेबांनी तरी काय केलं? कर्नाटकी ढंगाची सरगम उचलून किराण्याच्या ख्यालात बसवली. मल्लिकार्जुन मन्सूरांची तर सुरुवातच आप्पय्या स्वामींकडे कर्नाटक संगीताने झाली. हिंदुस्थानी गाणं त्यानंतरचं. म्हणजे उत्तर-दक्षिणेची रेघ या गावांच्या बाहेरून जात नाही, ती इथल्या गळ्यांतून जाते.

आणि याच रेघेवर, आकाशवाणीच्या धारवाड केंद्रावरून, कॉफमन यांच्या नावावर असलेली एक रचना रोज पहाटे वाजत आली.

कोणती, ते सांगायची गरज नाही. बातम्या, वंदे मातरम्, मंगलध्वनी या सगळ्यांच्या आधी, अजून घर पुरतं जागं व्हायचं असताना येणारी ती व्हायोलिनची धून. ती १९३६च्या सुमाराची. तिच्या श्रेयासाठी दुसरी नावंही अधूनमधून पुढे येतात, पण बहुतेक जाणकार ते कॉफमन यांनाच देतात. व्हायोलिन मेहली मेहतांचं मानलं जातं. पुढे जगभर गाजलेल्या झुबिन मेहतांचे हे वडील.

अशी धून मुळात लागतेच कशाला, हेही बघण्यासारखं आहे. त्या काळचे रेडिओ व्हॉल्व्हचे. बटण फिरवलं की लगेच आवाज नाही; काचेच्या नळ्या तापेपर्यंत थांबायचं, मग खरखर, मग काटा हळूहळू सरकवत केंद्र शोधायचं. त्या वेळात कुणी बोलत असेल तर बोलणं वाया जाणार. म्हणून एकच ओळखीची चाल पुन्हा पुन्हा वाजवायची: सापडली की काटा बरोबर ठिकाणी आहे. म्हणजे ही रचना मैफलीसाठी केलेली नाही. ती खरखरीतून ओळखू आली पाहिजे, हजारदा ऐकून विटता कामा नये, आणि पेशावरपासून मद्रासपर्यंत कुणालाही परकी वाटता कामा नये. भल्याभल्या संगीतकारांची पंचाईत करणारं काम आहे हे.

कॉफमन यांनी ते पाच स्वरांत भागवलं. घरात पेटी असेल तर बघा. पांढरी एकचा सा धरा. मग पांढरी दोन, पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सहा: सा रे ग प ध, झाला भूप. आता फक्त पांढरी तीन सोडून तिच्या डावीकडची काळी दोन घ्या. एवढ्या एका पट्टीने, गंधार कोमल झाल्याने, भूपाचा सगळा प्रसन्नपणा निघून जातो आणि काहीतरी हुरहूर लावणारं हाताशी येतं. हा शिवरंजनी. मध्यम नाही, निषाद नाही. त्यामुळे रेडिओ कितीही खरखरला तरी चाल चटकन ओळखू येते. युरोपियन कानाला कोमल गंधार म्हणजे त्यांच्या 'मायनर'ची खूण, तोही कान चटकन जवळ येतो. आणि शिवरंजनी उत्तरेतही आहे, दक्षिणेतही. तो दक्षिणेकडून वर आला असंही काही जण मानतात. ख्यालियांच्या घरात त्याला फारशी बैठक नाही, ठुमरी-भजनात मात्र मान आहे. जो राग कोणत्याच दरबारचा नाही, तोच सगळ्यांसाठी निवडला गेला.

मला त्याहून नवल वाटतं ते चालीखालच्या तंबोऱ्याचं. पश्चिमेत वाढलेल्या संगीतकाराचा हात शिवशिवतो तो स्वरसंगती घालायला: वर चाल, खाली तिच्याबरोबर बदलत जाणारे स्वरांचे जुडगे. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्यासारख्या उस्तादाकडे शिकलेल्याला ते डोळे मिटून जमलं असतं. इथे खाली फक्त षड्ज-पंचम घुमत राहतात. काय घालायचं नाही हे हिंदुस्थानात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेल्या माणसाला कळलं होतं.

आणि ते सहज कळलेलं नव्हतं. हिटलर सत्तेवर आल्यावर मध्य युरोपातल्या ज्यूंच्या पायाखालची जमीन सरकू लागली. प्राग विद्यापीठात कॉफमन यांचा प्रबंध झाला होता, पण आपले मार्गदर्शक गुस्ताव्ह बेकिंग हे तिथल्या नाझी युवक गटाचे पुढारी आहेत हे समजल्यावर त्यांनी डॉक्टरेट स्वीकारलीच नाही. १९३४च्या सुरुवातीला ते मुंबईला उतरले. मुंबईच का? त्यांनी दिलेलं कारण अगदी व्यवहारी: इथला व्हिसा सहज मिळाला. सुरुवातीला ऐकलेल्या हिंदुस्थानी गाण्याच्या तबकड्या त्यांच्या डोक्यावरून गेल्या. मग त्यांनी असा विचार केला की लाखो माणसं ज्यावर जीव ओवाळून टाकतात त्यात काही नसेल असं होणं शक्य नाही, तेव्हा खोट आपल्याच कानात असणार. आणि ती काढायची तर हे गाणं जिथलं तिथे राहूनच. शरणागताने यजमान देशाविषयी असा विचार करावा हे दुर्मीळ.

मुंबईत त्यांनी काही महिन्यांतच हातपाय पसरले. मे १९३४मध्ये बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात वादन, मेहली मेहता व्हायोलिनवर, स्वतः पियानोवर. १९३७पासून ते मुंबई रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख. मोहन भवनानींच्या चित्रपटांना संगीत. १९३९मध्ये 'अनसूया' हा खास रेडिओसाठी रचलेला ऑपेरा. मध्य भारतातल्या गोंड आणि बैगांच्या गाण्यांवर अभ्यासलेख. शिवाय या सगळ्यातून वेळ काढून रचलेल्या व्हायोलिनच्या सोनाटा आणि तंतुवाद्यांच्या चौकडी, ज्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रण टोरांटोच्या 'एआरसी' वादकसमूहाने केलं आणि ते २०२०मध्ये बाहेर आलं.

त्या दिवसांत धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यातच होता, १९५६पर्यंत राहिला. मुंबई रेडिओ इथला परका नव्हता: गंगूबाई हनगल ज्या वर्षांत हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे तालमीला जात, त्याच वर्षांत मुंबई केंद्रावरून गातही असत. एका विभागात किराण्याची तालीम, दुसऱ्या विभागात कार्ल्सबाडचा पियानोवादक, छप्पर एकच. दोघांचं कधी बोलणं झालं का याच्या मागे मी लागत नाही. एका संस्थेत दोघांनाही जागा होती एवढंच मला विलक्षण वाटतं.

आता युद्धानंतरचं. कॉफमन यांच्या पत्नी गेर्टी या फ्रान्झ काफ्काच्या सख्ख्या भाची, थोरल्या बहिणीची, एलीची मुलगी. काफ्का १९२४मध्ये क्षयाने गेला. त्याच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या. गेर्टी वाचल्या त्या मुंबईत होत्या म्हणून. मार्च १९३९मध्ये जर्मनीने प्राग घेतलं तेव्हाच परतीची वाट बंद झाली होती, आणि १९४५मध्ये ती उघडली तर जायचं कुणाकडे? मुंबईतल्या या शरणागतांच्या पुढच्या वाटा पाहिल्या तर चक्रावायला होतं. भवनानींसाठी पटकथा लिहिणारे प्रागचे समीक्षक विली हास हॅम्बुर्गला परतले आणि काफ्काने मिलेना या मैत्रिणीला लिहिलेली पत्रं १९५२मध्ये संपादून त्यांनीच जगापुढे आणली. मुंबईत नृत्यशाळा चालवणाऱ्या व्हिएन्नाच्या हिल्डे होल्गर १९४८मध्ये लंडनला गेल्या आणि तिथे शिकवत राहिल्या.

कॉफमन यांनी १९४६मध्ये मुंबई सोडली. लंडनला बीबीसीचं थोडं काम, मग अटलांटिक ओलांडून कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या संगीतशाळेत पियानोचे शिक्षक. चाळिशीतल्या माणसाने पुन्हा पाटी कोरी करून बसायचं. १९४८मध्ये विनिपेगला नवा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा राहत होता. त्याचे ते पहिले संचालक झाले आणि जवळपास दहा वर्षं राहिले. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीसपर्यंत जाणारं, गव्हाच्या व्यापारावर उभं राहिलेलं ते गाव. तिथल्या बॅले मंडळीसाठी त्यांनी संगीत केलं, आणि याच सुमाराला 'मद्रास एक्स्प्रेस' नावाची एक वाद्यवृंदरचनाही. (मुंबई-मद्रास गाडी सोलापूर-रायचूरवरून जाते, आमची हुबळी तिच्या वाटेवर येत नाही, हे हुबळीच्या रेल्वेवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये.)

८ जानेवारी १९५० रोजी धारवाड केंद्र सुरू झालं तेव्हा ती धून बांधणारा माणूस असा विनिपेगच्या बर्फात होता. इकडे केंद्राला मन्सूर संगीताचे सल्लागार म्हणून लाभले, घरी मराठी बोलणारे कन्नड महाकवी बेंद्रे हेही पुढे सल्लागार झाले, आणि रोजची सुरुवात मात्र कॉफमन यांच्या शिवरंजनीने.

१९५७मध्ये ते अमेरिकेत ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठात गेले. डॉक्टरेट नाकारलेला माणूस वीस वर्षं तिथे संगीतशास्त्राचा प्राध्यापक होता. हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर'वर त्यांनी केलेला ऑपेरा १९६१मध्ये तिथेच झाला. पण त्यांच्या डोक्यात मुंबईची वर्षं शिजत होती. १९६७मध्ये पूर्वेकडच्या स्वरलेखन पद्धतींवर ग्रंथ, मग रागांचे ते दोन खंड, १९७५मध्ये तिबेटी बौद्ध मंत्रगायनावर.

रागांच्या खंडांत प्रत्येक राग पाश्चात्त्य स्वरलिपीत मांडलाय: आरोह-अवरोह, वादी-संवादी, ओळखीच्या संगती. इथे कुणीही धारवाडी श्रोता भुवया उंचावेल, आणि त्याचं बरोबरच आहे. दरबारीचा गंधार पाच रेघांवर टिंब देऊन दाखवायचा कसा? तो एका जागी उभाच राहत नाही. मन्सूर खोकर किंवा बिहारीसारखा अनवट राग मांडत तेव्हा त्यातलं निम्मं काम एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत होत असे, आणि ती वाट कागदावर उतरत नाही. मंजी खाँ, बुर्जी खाँ या गुरूंनी त्यांना जे दिलं ते समोर बसवून दिलं. कॉफमन यांना ही मर्यादा समजत नव्हती असं नाही. स्वरलेखनावर अख्खा ग्रंथ लिहिलेल्या माणसाला ती इतरांपेक्षा जास्तच कळत असणार. तरी त्यांनी शेकडो राग टिपले. त्यांचा वाचक इंडियानातला विद्यार्थी होता, ज्याला कुंदगोळची गाडी पकडता येणार नव्हती.

१९७७मध्ये ते निवृत्त झाले, ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टनलाच वारले. त्याआधी, १९८१मध्ये, प्राचीन भारतातल्या संगीताचा शिल्पं आणि चित्रांमधून घेतलेला मागोवा असं त्यांचं एक मोठं पुस्तक निघालं. ज्या भाषेच्या मुलखातून त्यांना निघावं लागलं, त्याच जर्मन भाषेत, आणि छापलं गेलं लाइपझिगला.