वहिनींसाठी सर्जन शोधताना

मार्च २०२५ मध्ये माउंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. आठवड्याला एक इंजेक्शन टोचून घ्यायचं आणि वजन उतरतं. तेव्हापासून आमच्या दौंड तालुक्यातल्या कासुर्डी, यवत, खुटबाव या पट्ट्यात कुणी जाड माणूस दिसला की लोक त्याला इंजेक्शन सुचवतात, आणि वजनाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की ‘ते आता कोण करतंय’ म्हणून मोकळे होतात. औषध गुणाचं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. मला लागतं ते निराळंच. ज्या दहा वर्षांत आमच्याकडच्या माणसांनी उसाच्या बिलाचे पैसे मोजून स्वतःची जठरं कापून घेतली, त्या दहा वर्षांचा हिशेब कुणी मांडलाच नाही, आणि आता तो मांडायची गरजही कुणाला वाटत नाही. त्यातच, आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या नाडीवर ज्यांचा हात होता त्या यवतच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. म्हणून हे लिहायला बसलो.

फार मागचं थोडक्यात उरकतो. पूर्वी वजन उतरवायला आम्ही पुण्याला जात नव्हतो, पुण्या-मुंबईची माणसं आमच्या बाजूला येत. १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले, निसर्गोपचार आश्रम उभा राहिला आणि मणिभाई देसाईंनी तो वाढवला. मातीच्या पट्ट्या, रसाहार, उपवास करून मंडळी परतीची गाडी धरत. शस्त्रक्रियेची वाट वेगळी. अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराचा बायपास केला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. टेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, देशातलं पहिलं, आणि पोट न फाडता आत काम करण्याचा रस्ता खुला झाला. २००२ मध्ये लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांची देशपातळीवरची संघटना निघाली. पुण्यात डॉ. शशांक शाह, डॉ. जयश्री तोडकर ही नावं पुढे आली. जठराला बाहेरून पट्टा बांधण्याची पद्धत काही वर्षं चालली, मग तो पट्टा सरकतो, जठरात रुततो असे अनुभव आले आणि ती मागे पडली. हे सगळं शहरात घडत होतं. कासुर्डीला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

आमच्याकडे हा विषय पोहोचला २०११ मध्ये. नितीन गडकरी तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. त्यांनी मुंबईत डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्याकडे शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती लपवली नाही. पारावर, सोसायटीच्या ऑफिसात, एसटीत तीच चर्चा. एवढा मोठा माणूस करतो म्हणजे यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे त्या एका बातमीनं खेड्यात जितकं पोहोचवलं तितकं शंभर आरोग्य शिबिरांना जमलं नसतं. त्याबद्दल मी गडकरींचे आभारच मानतो.

पण दार उघडलं की सगळेच आत येतात. पाठोपाठ वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो झळकू लागले. डावीकडे ढगळ ड्रेसमधली बाई, उजवीकडे तीच बाई जीन्समध्ये, खाली रुग्णालयाचा फोन नंबर. लेख म्हणून छापलेली ती जाहिरात होती आणि संपादकांना ते ठाऊक होतं. सोलापूर रस्त्यानं हडपसरकडे निघालं की तेच फोटो फलकांवर. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरला स्वतःची जाहिरात करता येत नाही, पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेता वा देता येत नाही. पण नियम डॉक्टरला, रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीला नाही. सगळा खेळ त्या फटीतून झाला.

माझ्या थोरल्या वहिनी त्या वर्षांत पन्नाशीला आल्या होत्या. उभा जन्म गुऱ्हाळावर गेलेली बाई. चुलवणाची धग, रस काढायच्या घाण्याचा आवाज, मजुरांचा स्वयंपाक, आणि वजन शंभरीच्या पुढे. दोन्ही गुडघे गेलेले. साखर गोळ्यांना दाद देत नव्हती. रात्री घोरताना मध्येच श्वास अडकायचा आणि दिवसा भाजी निवडता निवडता मान खाली पडायची. नातेवाइकांचं निदान ठरलेलं: खाणं जास्त, हालचाल कमी. दिवसभर उभ्यानं राबणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागत होतं, आणि ते सुनावणाऱ्यांत आमच्याच घरातली माणसं होती. त्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची आठवण काढायलाच हवी. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा त्यांनी मागोवा घेतला. आपली बाळं जन्मतः किरकोळ दिसतात, तरी अंगात चरबीचा वाटा जास्त असतो, हे त्यांनी दाखवलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणजे ज्या मातीत आम्ही ‘खात्यापित्या घरची’ म्हणून हसत होतो, तिथल्याच माणसांच्या शरीराचा अभ्यास हाकेच्या अंतरावर चालू होता. आळसाचा शिक्का मारण्याआधी कुणी तो वाचला असता तर वहिनींची निम्मी वर्षं वाचली असती.

यवतच्या डॉक्टरांनी तो वाचला होता. त्यांनी वहिनींना एकदाही ‘कमी खा’ म्हटलं नाही. ‘आजार शरीराचा आहे बाई, तुमच्या स्वभावाचा नाही,’ म्हणाले. मग लेटरहेडवर, निळ्या शाईनं, सर्जनला काय काय विचारायचं ते लिहून दिलं. ते कागद अजून माझ्याकडे आहेत. तुम्ही स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या, आणि गेल्या वर्षी किती? टाके लावलेल्या जागेतून गळती किती जणांना झाली? किती जणांचं पुन्हा ऑपरेशन करावं लागलं? कुणी दगावलं का, कशानं? या पेशंटला स्लीव्ह (जठर कापून अरुंद करणं) की बायपास, आणि का? अतिदक्षता विभाग रात्री कोण सांभाळतं? पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेले किती जण आजही तुमच्याकडे तपासणीला येतात? शेवटच्या प्रश्नाखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली होती.

त्यांच्या त्या कागदाला पुढे अमेरिकेतून पुरावा मिळाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिशिगन राज्यातला एक अभ्यास आला. २० सर्जनांनी आपापल्या बायपासची चित्रफीत दिली, इतर सर्जनांनी नाव न कळता हातांना गुण दिले. सर्वांत कमी गुणांच्या गटात गुंतागुंत १४.५ टक्के पेशंटना, सर्वांत जास्त गुणांच्या गटात ५.२ टक्के. मृत्यूंतही मोठा फरक. ज्यांचे हात चांगले, ते वर्षाला ऑपरेशनंही जास्त करत होते. तेच यंत्र, तीच शस्त्रक्रिया, फरक फक्त हातांचा. सर्जन कोण हे विचारणं म्हणजे शंकेखोरपणा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे, याचा यापेक्षा ठोस पुरावा मला माहीत नाही.

आम्ही कागद घेऊन दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी काचेच्या केबिनमध्ये समुपदेशक मुलगी बसली होती. अल्बम, पॅकेज, हप्त्यांची सोय, ‘या महिन्यात केलंत तर सवलत’. सर्जन आले, उभ्या उभ्या बोलले. गळतीचा प्रश्न वाचल्यावर म्हणाले, ‘काका, इतका निगेटिव्ह विचार का करता?’ आणि निघून गेले. दुसऱ्या ठिकाणी साधी खोली, वयस्कर सर्जन. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला आणि प्रश्नामागून प्रश्न घेत उत्तरं दिली. एक पेशंट गेला होता, पायातली गुठळी फुप्फुसात चढून, तेही सांगितलं. वहिनींना विचारलं, ‘तुम्हाला काय खायला आवडतं?’ वहिनी म्हणाल्या, ‘गरम गूळ.’ तेव्हा बायपासनंतर गोडानं काय होतं ते त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं.

घरच्यांनी पहिलं ठिकाण निवडलं. मंगल कार्यालयात त्याच रुग्णालयाचं मोफत शिबिर झालं होतं आणि आमच्याच भागातला एक डॉक्टर भावाच्या मागे लागला होता. ‘इथंच करा, माझ्या शब्दावर सगळं होईल.’ त्या शब्दाचे पैसे त्याला पोहोचणार होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मी आणि वहिनी एका बाजूला, बाकी घर दुसऱ्या बाजूला. ‘जाऊ द्या भावजी, दोन्हीकडं सुरीच आहे,’ असं म्हणून शेवटी वहिनींनीच वाद मिटवला.

याच काळात कमिशनच्या या धंद्यावर महाराष्ट्रात उघड बोललं गेलं होतं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर नाव असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०१३ मध्ये तपासणी केंद्राकडून आलेला कमिशनचा चेक घेऊन थेट मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी आतल्या डॉक्टरांच्या साक्षींचं पुस्तक लिहिलं. २०१७ मध्ये राज्य सरकारनं कट प्रॅक्टिसविरोधी कायद्यासाठी समिती नेमली, माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित तिचे प्रमुख, मसुदाही झाला. कायदा झाला नाही. नंतर कितीतरी सरकारं आली आणि गेली, एकालाही तो मसुदा बाहेर काढावासा वाटला नाही. हे मी विसरणार नाही.

त्याच २०१७ मध्ये फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमदला वजनाच्या ऑपरेशनसाठी मालवाहू विमानातून मुंबईत आणलं. वजन ५०० किलो असल्याचं सांगितलं गेलं. महिनोन् महिने टीव्हीवर क्रेन, खास बांधलेली खोली, रोजचा वजनाचा आकडा. मग बहिणीचे आरोप, डॉक्टरांचे खुलासे, मे महिन्यात अबू धाबीला रवानगी आणि सप्टेंबरमध्ये मृत्यू. त्या बाईचा आजार साऱ्या देशानं जत्रेसारखा पाहिला. एवढ्या चर्चेत एकाही वाहिनीनं प्रेक्षकाला हे सांगितलं नाही की, तुमच्यावर वेळ आली तर सर्जनला काय विचाराल.

वहिनींचं बायपासचं ऑपरेशन नीट झालं, हे प्रामाणिकपणे सांगतो. वर्षभरात साखरेच्या गोळ्या सुटल्या, घोरणं थांबलं, वहिनी भुलेश्वरच्या पायऱ्या चढल्या. शस्त्रक्रियेवर माझा विश्वास त्यामुळेच आहे. पुढच्या हंगामात गुऱ्हाळावर कढईतून वाफ्यात ओतलेल्या गुळाचा कोमट खडा त्यांनी तोंडात टाकला आणि पाच-दहा मिनिटांत घामानं चिंब झाल्या, छाती धडधडायला लागली, पाचटाच्या ढिगावर आडव्या झाल्या. असं होतं, हे त्यांना सांगितलं होतं ते दुसऱ्या सर्जननी, ज्यांनी ऑपरेशन केलंच नव्हतं.

खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी आली. पायाला मुंग्या, केस मुठीनं गळायचे, चालताना तोल जायचा. रुग्णालयात फोन केला तर सर्जन नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेलेले. समुपदेशक मुलीचा नंबर बंद. नव्या माणसाला पेशंट माहीत नाही. बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं, तपासावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर महिन्याभराच्या गोळ्या लिहिलेल्या. बी-१२ तळाला गेलंय हे ओळखलं ते यवतच्या डॉक्टरांनीच. त्यांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही पुन्हा त्या वयस्कर सर्जनांच्या साध्या खोलीत गेलो. त्यांनी टोमणा मारला नाही. फक्त ऑपरेशनची नोंद मागितली, आतडं किती लांबीचं वळवलंय ते कळायला. ती नोंद मिळवायला आम्हाला रुग्णालयाचे उंबरे झिजवावे लागले. मागितल्यापासून ७२ तासांत कागद देणं नियमानं बंधनकारक आहे, हेही आम्हाला त्यांनीच सांगितलं.

दशक संपता संपता, सप्टेंबर २०१९ मध्ये, विमा नियामकानं कंपन्यांना चौकट घालून दिली: वय किमान १८, बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ आणि सोबत गंभीर आजार असेल, साधे उपाय थकले असतील, तर विमा या शस्त्रक्रियेला नाही म्हणू शकत नाही. चांगलं झालं. आमच्या पट्ट्यातल्या पहिल्या पेशंटना त्याचा उपयोग नव्हता, त्यांचं तोवर ऊसबिलातून भागलं होतं.

आता यवतला तो दवाखाना नाही. तिथे नव्यानं आलेली मुलं हुशार आहेत, पण त्यांच्या टेबलावर मोठ्या रुग्णालयांची रेफरलची पुस्तकं पडलेली दिसतात. वजनाच्या इंजेक्शनांच्या मागे तेच पॅकेज, तेच हप्ते आणि तेच फोटो आले आहेत. औषध थांबवलं की वजन बहुतेकांचं परत चढतं, हे सांगायला कुणाला वेळ नाही. काहींना औषध पुरेल, काहींना शस्त्रक्रियाच लागेल. सर्जन निवडायची वेळ संपलेली नाही, फक्त तो निवडायला मदत करणारा माणूस गेला.

परवा भांडगावचा एक तरुण आईसाठी विचारायला आला. त्याला मी त्या कागदांच्या झेरॉक्स दिल्या. तो दोन रुग्णालयांत जाऊन आला. एकीकडे पाच वर्षांचा आकडा ‘कॉन्फिडेन्शिअल’ म्हणाले, दुसरीकडे सर्जन भेटलेच नाहीत. ब्रिटनमध्ये २०१३ पासून या शस्त्रक्रियांचे निकाल सर्जनच्या नावानिशी लोकांसमोर ठेवले गेले. आपल्याकडे दौंडच्या शेतकऱ्याला ते कुठेही पाहता येत नाहीत. मेडिकल कौन्सिलनं सक्ती करावी, सर्जनांच्या संघटनेनं ते उघड करावेत, आणि तोवर पुण्यातल्या ज्या सर्जनना आपल्या हातांची खात्री आहे त्यांनी ते आकडे पेशंटच्या हातात लेखी द्यावेत. तो तरुण पुढच्या आठवड्यात तिसऱ्या ठिकाणी जाणार आहे, मी त्याच्याबरोबर जातोय.