एकही लढाई नसलेला युद्धपट

युद्धपट म्हटलं की तोफा, खंदक, हल्ले आठवतात. विल्यम वायलरच्या 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज' (1946) मध्ये यातलं काहीच नाही. दुसरं महायुद्ध संपवून तीन अमेरिकन सैनिक आपल्या गावी परततात आणि खरी कसोटी तिथे सुरू होते.

त्यातला होमर दोन्ही हात गमावलेला खलाशी. ही भूमिका करणारा हॅरॉल्ड रसेल नट नव्हताच. 1944 मध्ये सैन्यात प्रशिक्षण देताना स्फोटात त्याचे हात खरोखर गेले होते. त्याला अभिनयाच्या शिकवणीला पाठवलेलं वायलरला अजिबात पटलं नाही, आणि ते किती योग्य होतं! होमर आपल्या प्रेयसीला खोलीत नेतो, धातूचे आकडे उतरवतो आणि यानंतर आपण किती परावलंबी होतो ते तिला दाखवतो. पार्श्वभूमीला रडवणारं काही नाही, घाई नाही. इतका धीट प्रसंग मी युद्धपटांत क्वचितच पाहिला आहे. रसेलला याच एका भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाले: एक साहाय्यक अभिनेत्याचं, दुसरं जखमी सैनिकांना उमेद दिल्याबद्दल खास.

दुसरा, फ्रेड, बाँबफेक्या विमानातला कॅप्टन. घरी आल्यावर पुन्हा दुकानात आइस्क्रीम-सोडा विकतो. भंगारात काढलेल्या विमानात तो चढून बसतो, तो प्रसंग नीट ऐका. इंजिनं काढून घेतलेली आहेत, तरी ती त्याच्या डोक्यात सुरू होतात. (वायलरने स्वतः युद्धात विमानातून चित्रीकरण करताना एका कानाची श्रवणशक्ती गमावली होती.)

लांबी पावणेतीन तासांहून थोडी जास्त. सलग पाहा, मध्ये थांबू नका.