जुनी मोटारसायकल स्लो धरत नाही? आधी मर्ज ओळखा, मग इलाज करा

हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा या पाचही तालुक्यांत आठवडी बाजार करणारे आमचे बरेच व्यापारी बंधू अजून जुन्या गाड्यांवर फिरतात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे या गाड्यांवर आजही एमएच-२२ हाच परभणीचा नंबर दिसतो. त्यांत १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० आणि हीरो होंडा सीडी १०० या दोन गाड्या जास्त. इंजिन खोलून, रंग देऊन त्या पुन्हा उभ्या केल्या जातात; पण कापडाचे गठ्ठे बांधून निघाले की गर्दीत गाडी बंद पडते. बाजाराची पहिली दोन तास हीच खरी कमाईची वेळ असते, म्हणून हे दुखणे थेट गल्ल्याला लागते.

पुष्कळ मिस्त्री अशा वेळी सरळ नवा कार्बोरेटर सांगतात. तो खर्च करण्याआधी लक्षणे पाहावीत.

चोक ओढला तरच गाडी चालू राहते, चोक सोडताच बंद पडते : याचा अर्थ पेट्रोल कमी पडते किंवा हवा जास्त जाते. बहुतेक वेळा स्लोचा बारीक जेट चोंदलेला असतो. रंगकामानंतर टाकीतला गंज सुटून खाली येतो. जेट हवेच्या दाबाने साफ करावा. तार घालू नये, भोक मोठे होते.

ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन चढलेलेच राहते : आधी केबल अडकते का ते पाहावे. हँडल दोन्हीकडे वळवून आवाज बदलला तर दोष केबलचा. नसेल तर कार्बोरेटर व इंजिन यांमधला रबरी जोड तडकलेला असतो. त्यावर थोडे ग्रीस लावावे. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते.

आरएक्स १०० टू-स्ट्रोक असल्याने तिचे ऑईल सीलही तपासावे. मॅग्नेटकडचे सील गेले तर हवा शिरते. क्लचकडचे गेले तर गिअर ऑईल कमी होते आणि पांढरा धूर निघतो. ही दोन सील बदलल्याशिवाय स्क्रू कितीही फिरवले तरी उपयोग नाही.

गाडी थंड असता ठीक, तापली की बंद : सीडी १०० मध्ये टॅपेट घट्ट झाले आहेत का ते पाहावे. जुन्या गाड्यांत पॉइंट झिजलेलेही सापडतात. प्लग काळा व ओला असेल तर पेट्रोल जास्त जाते. एअर फिल्टर व फ्लोट तपासावा.

हे सर्व झाल्यावरच सेटिंग करावे, तेही इंजिन चांगले तापल्यावर. आधी स्लोचा स्क्रू थोडा चढवावा. मग हवेचा स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन जिथे सर्वांत जलद व एकसारखे चालेल तिथे थांबावे. त्यानंतर स्लो कमी करावा. आरएक्स १०० मध्ये हा स्क्रू आत घट्ट केला की हवा कमी होते.

आता पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि ओलावा ओढून घेते. म्हणून नळ्या व वॉशर नवे घालावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करावी.

शेवटी हिशोबाची गोष्ट. पीयूसी तपासणी गाडी स्लोवर ठेवूनच होते. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ४.५ टक्के आहे. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणासाठीही गाडी ठीक चालावी लागते. म्हणून दुरुस्त केलेली जुनी गाडी विकत घेताना रंग पाहून भाव ठरवू नये. इंजिन तापवून, हात सोडून, पाच मिनिटे उभी चालू ठेवावी. कापडाचा पोत हाताने पाहिल्याशिवाय आपण तागा घेत नाही, तोच नियम इथेही लावावा.