पावणेदोन तासांचं विमान आणि पातूरची वाट

मागे पातूरच्या एका बचत गटाच्या बैठकीत एक बाई मला म्हणाली, "ताई, मायले मुंबईच्या दवाखान्यात न्या लागते. अमरावतीवरून इमान पावणेदोन तासात जाते म्हणतेत. मंग रेल्वेत रातभर काऊन बसाव?" प्रश्न रास्त होता. तिथे मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज हिशोब मांडूनच आले.

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण ५४० किलोमीटर, म्हणजे नकाशावर दोरा ताणून धरला तर भरेल तेवढं. बडनेऱ्याहून रेल्वेला तेच साडेसहाशेच्या वर पडतं. या मार्गावरचं दोन पंख्यांचं विमान तासाला पाचशेच्या आसपास किलोमीटर जातं. मग सव्वा तासात पोहोचायला हवं ना? नाही. विमानाचा वेळ दार लागल्यापासून दार उघडेपर्यंत धरतात. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, वर चढणं, मुंबईत उतरायला थांबणं, सगळं त्यात आलं.

कोणी म्हणेल, अकोल्याला शिवणीचं विमानतळ आहे की! आहे, इंग्रजांच्या काळापासून आहे. पण तिथली धावपट्टी १४०० मीटर, बेलोऱ्याची १८५०. आपल्याकडच्या उन्हात हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, विमानाला जास्त धावावं लागतं. धावपट्टी वाढवायला जमीन लागते, आणि ते घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं.

तेव्हा बेलोराच. सुरुवातीच्या वेळापत्रकात विमान सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढंच होतं, दुपारी ४.४० ला सुटून ६.२५ ला मुंबईत. (वेळा बदलतात, तिकिटाआधी विचारून घ्या.) दोन तास आधी पोहोचायचं. पातूर ते अकोला, तिथून बडनेरा, मग बेलोरा. एसटी बदलत गेलं तर चार तास धराच. म्हणजे सकाळी साडेदहाच्या आत घर सोडायचं. मुंबईत सामान घेऊन परळला जाईस्तोवर रात्रीचे साडेआठ. दहा तास झाले, ओपीडी बंद, आणि आजारी माणसाला घेऊन रात्र कुठे काढायची?

रात्रीच्या रेल्वेनं पातूरपासून दादरपर्यंत बारा तास जातात. पण माय आडवी पडून जाते, आणि सकाळी ओपीडी उघडायच्या वेळी आपण दारात असतो. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. कॅन्सरचा पेशंट उपचाराला जात असेल तर रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-एसीत त्याचं तिकीट माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. त्यासाठी दवाखान्याच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. हा फॉर्म मागायलाच आपण विसरतो.

येतानाची गोष्ट मात्र वेगळी. त्याच वेळापत्रकात विमान मुंबईहून २.३० ला सुटून ४.१५ ला बेलोऱ्यात यायचं. गावातली गाडी सांगून ठेवली तर रात्री आठपर्यंत घरी. पोटाला ताजे टाके असताना रात्रभर रेल्वेचे हादरे खाण्यापेक्षा इथे पैसे मोजावेत, असं माझं मत. फक्त ऑपरेशननंतर विमानात बसायला डॉक्टरांचा दाखला लागू शकतो. तो सुट्टी घेतानाच मागून घ्यावा.

त्या बाईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. जायचं तिकीट तिनं रेल्वेचं काढलं. यायचं डॉक्टर काय म्हणतात ते बघून ठरवणार आहे.