तालमीचा हिशेब

टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळांत मारामारीचे नियम रग्गड असतात. पात्र ती विद्या शिकतं कसं, याचे मोजकेच. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये माँक, म्हणजे युद्धकला जाणणारा मठवासी, हा पात्रवर्ग १९७५च्या ‘ब्लॅकमूर’ पुरवणीत अवतरला. तेव्हा त्याला वरच्या पातळीवरची जागा हवी असेल, तर तिथल्या माँकला द्वंद्वात हरवावं लागे. प्रसंग झकास रंगे, पण रोजची तालीम कुठेच दिसत नसे.

‘गर्प्स’ या दुसऱ्या खेळात ती दिसते. २०० तासांचं शिक्षण म्हणजे कौशल्यावर खर्चायला १ गुण. शिक्षकासमोरचा तास पूर्ण धरायचा, स्वतःच्या स्वतः शिकलेला अर्धा, कामाच्या ओघात शिकलेला पाव. रोज ४ तास घाम गाळला, तर शिक्षकाकडे ५० दिवस, एकट्याला १०० दिवस. एवढ्या एका नियमाने गुरू शोधणं हाच कथेचा विषय होऊन बसतो! मला ही मांडणी फार मोलाची वाटते.

डावपेचांचंही तसंच. लाथ मुळात कराटे-कौशल्यापेक्षा २ने कच्ची धरतात. गुण खर्चून ही तूट भरून काढता येते. मात्र लाथ मूळ कौशल्याच्या वर कधीच जात नाही. पाया कच्चा ठेवून एकच डाव घोटणाऱ्याला हा नियम तिथेच अडवतो.